बडोद्याच्या आखाड्यातून मुंबईच्या सेटवर: बाहेरून आलेला फाइटर चरित्र अभिनेता कसा होतो

प्रश्न असा आहे: वय २२, राहणार बडोदा. लहानपणापासून दांडिया बाजारच्या आखाड्यात मल्लखांब, जोडीला थोडी कुस्ती आणि लाठी. सध्या सूरसागर तलावासमोरच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत नाट्यशिक्षणाचं शेवटचं वर्ष. मुंबईत ओळखपाळख नाही. बॉब क्रिस्टोसारखी परमुलखातून आलेली माणसं आधी फाइटर आणि मग चरित्र अभिनेते कशी झाली, आपल्याला तो रस्ता चालेल का, आणि निघण्याआधी हातात असलेल्या एका वर्षात नेमकं काय करावं?

रस्ता चालेल. फक्त ‘आधी फाइटर, मग अभिनेता’ असे दोन टप्पे डोक्यातून काढून टाका. बाहेरून आलेल्या माणसासाठी ही दोन कामं नाहीतच. काम एकच, पटेल असा मार खाणं. ठोसा हिरो मारतो, पण तो लागला हे प्रेक्षकाला कळतं ते मार खाणाऱ्याची मान, खांदे आणि डोळे बघून. ज्याला हे इजा न होता, पाचव्या टेकलाही पहिल्याइतक्याच ताकदीने जमतं, त्याला फाइट मास्टर, म्हणजे मारामारीचे प्रसंग बसवणारा माणूस, पुन्हा बोलावतो. आणि पडल्यावर उठून ज्याला एक वाक्य धड बोलता येतं, तो दिग्दर्शकाच्या लक्षात राहतो.

आधी त्या लोकांकडे बघू. स्टंटपटांची नायिका नादिया म्हणजे मेरी ॲन इव्हान्स, जन्म १९०८, ऑस्ट्रेलियातलं पर्थ. लहानपणीच मुंबईत आली, पुढे सर्कशीत आणि नाचगाण्याच्या कार्यक्रमांत काम करत फिरली. वाडिया मूव्हीटोन या चित्रपट कंपनीच्या वाडिया बंधूंनी तिला एकदम नायिका केलं नाही. आधी छोटी कामं देऊन प्रेक्षक तिला स्वीकारतात का ते पाहिलं आणि मग १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ आला. एम. बी. शेट्टी मंगळूरकडून मुंबईत आले, बॉक्सिंगच्या जोरावर फाइटर झाले, मग फाइट मास्टर, आणि तुळतुळीत डोक्यामुळे गर्दीतही ओळखू येणारा खलनायकाचा माणूस. क्रिस्टोचा जन्म १९३८ चा, सिडनीचा. पेशाने सिव्हिल इंजिनिअर. १९८० च्या ‘अब्दुल्ला’पासून पुढची दहा-बारा वर्षं हिंदी चित्रपटांतला गोरा स्मगलर किंवा गुंड म्हटलं की तोच. डॅनिश स्वेन-ओले थॉर्सन १९४४ चा, कोपनहेगनचा. कराटे आणि वजनांच्या जोरावर १९८२ च्या ‘कॉनन द बार्बेरियन’मध्ये शिरला, नंतर अमेरिकेत स्थायिक झाला, आणि २००० च्या ‘ग्लॅडिएटर’मध्ये पंचावन्नच्या आसपासच्या वयात रिंगणात उतरणारा जुना योद्धा म्हणून दिसला.

या चौघांत दोन गोष्टी सारख्या आहेत आणि तुम्हाला त्याच उपयोगी आहेत. एक, कोणीही भाषेच्या बळावर आत आलं नाही. शरीराची एक ठसठशीत आकृती होती, तिनेच दार उघडलं. दुसरी गोष्ट लोक सोडून देतात: प्रत्येकाला पुन्हापुन्हा बोलावणारं एक घर मिळालं. नादियाला वाडिया मूव्हीटोन, क्रिस्टोला सुरुवातीला ‘अब्दुल्ला’चा दिग्दर्शक संजय खान, थॉर्सनला त्याचा मित्र अर्नोल्ड श्वार्झनेगर याच्या चित्रपटांची रांग. म्हणून मुंबईत पन्नास कास्टिंग ऑफिसांत फोटो टाकण्यापेक्षा एका चांगल्या फाइट मास्टरच्या टीममध्ये भरवशाचा माणूस होणं जास्त मोलाचं.

‘मिस्टर इंडिया’ (१९८७) मधला क्रिस्टोचा प्रसंग तुम्ही पाहिला असेलच. अदृश्य नायक त्याला हनुमानाच्या मूर्तीने बडवतो. समोर मारणाराच नाही, त्यामुळे सगळा मार क्रिस्टोच्या शरीरावरच उभा राहिला पाहिजे. आवाज बंद करून तो प्रसंग पाच-सहा वेळा बघा. फटका कुठून आला, किती जोरात आला, पुढच्या फटक्याची भीती केव्हा बसली, हे सगळं फक्त त्याच्या अंगावरून कळतं. थॉर्सनचंही एक उदाहरण घ्या. ‘द रनिंग मॅन’ (१९८७) मध्ये तो खलनायकाचा अंगरक्षक आहे. ऐन संकटात मालक त्याच्याकडे आशेने बघतो आणि हा एक वाक्य बोलून चालता होतो. एवढंच काम, पण ते लक्षात राहतं, कारण तोवर तो फक्त उभा असतानाही मालकावर नजर ठेवून उभा असतो.

आता एका ठोशाकडे अगदी जवळून बघू. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम चालतो. समोरच्याचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूने येतो आणि तोंडासमोरून उजवीकडे जातो. मूठ आणि नाक यांच्यात वीतभर अंतर. कॅमेरा दोघांपैकी एकाच्या खांद्यामागे असतो, त्यामुळे ते अंतर दिसत नाही. लांब पल्ल्याची लेन्स, म्हणजे ८५ किंवा १०० मिलिमीटर, मूठ आणि चेहरा एकमेकांना चिकटवते. २४ मिलिमीटरची रुंद लेन्स असेल तर तेच अंतर उघडं पडतं. म्हणून रिहर्सलला पहिला प्रश्न विचारायचा: कॅमेरा कुठे आणि लेन्स कोणती?

मूठ नाकाच्या रेषेत आली की हनुवटी तिच्याच दिशेने निघते. आधी हनुवटी, मग खांदा, मग कंबर, शेवटी पाय. नवखे लोक सगळं शरीर एकदम फिरवतात, तिथे नाच दिसतो. तीन फ्रेम उशीर झाला, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग, तरी प्रेक्षकाला खोट दिसते. कारण सांगता आलं नाही तरी दिसते. आधी हललात तर त्याहून वाईट, मग एडिटरलाही वाचवता येत नाही. पोटातला ठोसा असेल तर कंबर मागे आणि डोकं पुढे, आणि श्वास खरोखर बाहेर सोडायचा. श्वास रोखून केलेली रिॲक्शन लाकडी वाटते. ‘ढिशूम’ नंतर टाकतात, तो तोंडाने काढायचा नाही. ही सवय बऱ्याच जणांना असते आणि क्लोजअपमध्ये हललेले ओठ दिसतात.

अभिनय सुरू होतो तो ठोशानंतरच्या अर्ध्या सेकंदात. नजर आधी रिकामी होते, मग मारणाऱ्याला शोधते. पण प्रत्येकाची तशी नाही. पगारी गुंड आधी मालकाकडे बघतो, कारण त्याला नोकरी टिकवायची आहे. दारुडा हसतो. सावकार जिभेने दात चाचपतो. पहिल्यांदाच मार खाल्लेला श्रीमंत घरचा मुलगा आजूबाजूला कोणी पाहिलं का ते बघतो. नाट्यविभागात शिकलेलं सगळं इथे कामाला येतं. रोज मोबाइल स्टँडवर लावून एकच ठोसा पाच वेगवेगळ्या माणसांनी खाल्ल्यासारखा करा आणि स्लो मोशनमध्ये फ्रेम फ्रेम तपासा. वर्षभरात यापेक्षा फायद्याचा दुसरा सराव नाही.

बडोद्याचा आखाडा ही तुमची खरी पुंजी आहे. दांडिया बाजारचं जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तिथले गुरू राजरत्न माणिकराव यांनी घडवलेली ती शिस्त मुंबईच्या जिममध्ये पैसे मोजून मिळत नाही. उलटं असताना जमीन कुठे आहे हे मल्लखांबवाल्याला डोळे न उघडता कळतं. पकड आणि मान तयार असते. पण आखाड्याच्या काही सवयी कॅमेऱ्यासमोर आडव्या येतात आणि त्या आपोआप जात नाहीत.

मल्लखांबात पाय ताणलेले आणि पंजे टोकदार ठेवायचे असतात. गोळी लागून पडणारा माणूस टोकदार पंज्यांनी पडला की प्रेक्षकाला खेळाडू दिसतो, मेलेला माणूस दिसत नाही. उतरल्यावर पाय जोडून ताठ उभं राहण्याची सवयही तशीच. उपाय साधा आहे: सरावाची अर्धी वेळ बूट घालून करा. शिवाय मल्लखांब उघड्या अंगाने, एरंडेल लावलेल्या खांबावर होतो, कातडीच पकड देते. सेटवर तुम्ही जीन्स, कोट किंवा शेरवानीत असता आणि हातात असतो लोखंडी पाइप किंवा ओला दोर. कपडे घालून दोरावर आणि पाइपवर चढण्या-उतरण्याचा वेगळा सराव हवा. तो नसताना ‘मी मल्लखांबवाला आहे, जमेल’ म्हणणारे लोक हात सुटून पडतात.

कुस्तीची सवय याहून खोल. पाठ टेकली म्हणजे हार, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं, त्यामुळे पडता पडता पैलवान अंग वळवतो आणि खांद्यावर किंवा हातावर येतो. कॉलरबोन मोडतं ते इथेच. पाठ जमिनीला द्यायला शिकणं हे तुमचं पहिल्या तीन महिन्यांचं काम. लाठीचं उलट आहे: तिथे ताकद कमी करायची नसते, लक्ष्य बदलायचं असतं. नजर डोक्यावर, पण फटक्याची रेघ खांद्याच्या बाहेर वीतभर.

मागे पडणं असं शिका. सुरुवात उकिडवं बसून, २० ते ३० सेंटिमीटर जाडीच्या मॅटवर. हनुवटी छातीला लावा, नजर कमरेच्या गाठीवर. नजर तिथे राहिली की डोकं मागे झटकत नाही, बाकी शंभर सूचनांपेक्षा ही एक सूचना जास्त वाचवते. मग उभं राहून: एक पाय मागे, त्याच गुडघ्यात वाकून टाचेजवळ बसायचं, एका बाजूचं नितंब आधी, तिथून पाठीवर तिरकी रेघ विरुद्ध खांद्यापर्यंत. मणक्यावर सरळ पडायचं नाही. हात शरीरापासून साधारण ४५ अंशांवर, तळवे खाली, पाठ टेकते त्याच क्षणी जमिनीवर थाप. श्वास बाहेर. एका बैठकीत १० ते १५ नीट पडणी पुरे. थकलेली मान विसाव्या पडणीला दगा देते. मॅटवर हे पक्कं जमलं की आखाड्याची उकरलेली माती, मग ज्युदोची पातळ मॅट, आणि शेवटी पॅड घालून साधी जमीन. हा क्रम चार-पाच महिन्यांचा आहे, तो दोन आठवड्यांत उरकू नका.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे मागे हात टेकणं. त्यात मनगटातलं अंगठ्याच्या मुळाशी असलेलं छोटं हाड, स्कॅफॉइड, तडकतं. अंगठा ताणून वर केल्यावर मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबून दुखत असेल तर ते मुरगळणं समजू नका. पहिल्या एक्स-रेमध्ये ही तडक बऱ्याचदा दिसत नाही; मनगट बांधून ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे, किंवा लगेच एमआरआय. या हाडाचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, दुर्लक्ष झालं तर ते न जुळण्याचा आणि पकड कायमची कमजोर होण्याचा धोका असतो. माणिकरावांच्या वेळेपासून आपल्याकडे हाड बसवून घ्यायला आखाड्यातच जायची रीत आहे, त्या विद्येबद्दल आदर आहेच. पण या एका हाडाला चोळणं आणि ओढणं मुळीच चालत नाही.

डोक्याला मार बसला तर त्या दिवशीचं काम संपलं, शुद्ध हरपली नसली तरीही. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, सुस्ती, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग हलका व्यायाम, मग सराव. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे. पाठीच्या खालच्या भागावर आपटल्यावर लघवी लालसर किंवा चहाच्या रंगाची झाली तर मूत्रपिंडाला मार असू शकतो. सेटवर हे कोणी विचारत नाही, तुम्हालाच बघावं लागतं.

उंचीवरून उडी हा विषय तरुणांना सर्वांत आवडतो आणि घरी करून बघायचा मोह यातच होतो. म्हणून गणित सांगतो. ३ मीटरवरून पडलेल्या शरीराचा वेग जमिनीपाशी ताशी साधारण २८ किलोमीटर असतो, ६ मीटरवरून सुमारे ३९. आता थांबण्याचं अंतर बघा. ३ मीटरवरची पडण ३० सेंटिमीटरमध्ये थांबली तर शरीरावर वजनाच्या सरासरी दहापट ताण येतो. तीच ३ सेंटिमीटरमध्ये थांबली तर शंभरपट. गादीचा मऊपणा भुलवतो, खरा हिशेब ती किती दबते याचा. उंची दुप्पट झाली की दबण्याचं अंतरही दुप्पट लागतं.

यासाठी अजूनही जुनी पद्धत उत्तम चालते: रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा थर. साधारण ४५ सेंटिमीटरची, सगळी एका मापाची, पातळ पुठ्ठ्याची खोकी. जाड दुहेरी पुठ्ठा नको, तो चुरगळत नाही. झाकणं नुसती दुमडलेली, टेप नाही, म्हणजे हवा निघून जाते. चार-पाच मीटरच्या उडीला दोन-तीन थर, थरांमध्ये पुठ्ठ्याचे सपाट तक्ते, वर गाद्या, आणि सगळ्याभोवती दोर. दोर नसला तर खोकी बाजूला पळतात आणि माणूस मधून जमिनीला लागतो. थर किती हे फाइट मास्टर ठरवतो. पावसाळ्यात दमट झालेला पुठ्ठा आधीच बसतो, तो वापरायचा नाही. प्रत्येक उडीनंतर मधली चेपलेली खोकी बदलायची. दुसऱ्या टेकच्या घाईत हेच राहून जातं आणि अपघात बहुतेक वेळा दुसऱ्या टेकला होतात. एअरबॅगवर पडतानाही मध्यभागी आणि पाठीवरच पडायचं. पायांवर उतरलात तर गुडघे तोंडावर येतात. तुम्ही स्वतः या वर्षात प्रशिक्षकाशिवाय दीड मीटरच्या वर जाऊ नका.

बाकी प्रकार सेटवरच शिकायचे आहेत, पण काय विचारायचं ते माहीत असू द्या. केबलवर लटकताना आपलं कपड्यांसकट नेमकं वजन सांगा. तोल त्यावर बसवतात, लाजून पाच किलो कमी सांगणारा स्वतःच्या जिवाशी खेळतो. तुमच्याआधी तितक्याच वजनाची वाळूची गोणी त्याच मार्गाने गेली पाहिजे. मांडीचे पट्टे आवळताना पुरुषांनी कपड्यांची जागा नीट करून घ्यावी, झटका तिथेच बसतो. डोक्यावर फोडायची बाटली साखरेची किंवा रेझिनची असते. साखरेची दमट हवेत मऊ पडते आणि मग फुटण्याऐवजी लागते. ती डोक्याच्या वरच्या सपाट भागावर घ्यायची, कपाळावर किंवा कानाजवळ नाही. आगीच्या कामात आतून ओले थर आणि थंड जेल, अंगावर कृत्रिम धाग्याचा एकही कपडा नको कारण तो वितळून कातडीला चिकटतो, आणि ज्वाळेत श्वास घ्यायचा नाही. जमिनीवर पालथं पडणं म्हणजे ‘विझवा’ हा इशारा, तो आधी सगळ्यांशी पक्का करायचा. विझवणारी माणसं किमान दोन, आणि त्यांच्याकडे त्या वेळी दुसरं कुठलंही काम नको.

आता एक निवड, जिच्याबद्दल आधी कोणी सांगत नाही. तुमची उंची-बांधा एखाद्या नायकाच्या जवळ असेल तर तुम्हाला डुप्लिकेटचं, म्हणजे त्याच्या बदली मारामारी आणि उड्या करण्याचं, काम मिळेल. दिवस जास्त, पैसे जास्त, पण चेहरा दिसता कामा नये. गुंडांच्या टोळीतलं काम कमी दिवसांचं, कारण एकदा चेहरा दिसला आणि मेला की त्या चित्रपटातून गेला. पण तो चेहरा दिसतो. चरित्र भूमिका हव्या असतील तर सुरुवातीपासून दुसऱ्या प्रकारची कामं मुद्दाम मागून घ्या, थोडं नुकसान सोसूनही. डुप्लिकेटचं काम हलकं मुळीच नाही. ‘शोले’त हेमामालिनीसाठी धावत्या टांग्यावर असलेल्या रेश्मा पठाण यांचं कौशल्य कोणत्याही नायिकेच्या तोडीचं होतं, आणि पडद्यावर त्यांचा चेहरा कोणाला दिसला नाही. डोकं तुळतुळीत करणं, दाढी वाढवणं असा ठाम अवतारही जपून निवडा. शेट्टींना त्याने ओळख दिली, पण त्या अवतारातल्या माणसाला पोस्टमास्तर किंवा मामा कोणी देत नाही.

भाषेत तुम्ही क्रिस्टोच्या कितीतरी पुढे आहात: मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही घरच्या. मुंबईत मराठी आणि गुजराती दोन्ही रंगभूमी चालतात, मालिकांना दोन्हीकडची माणसं लागतात. मात्र बडोद्याची मराठी गुजराती हेल घेऊन येते आणि आपल्या हिंदीत मराठीचे च-ज घुसतात. ‘मैं’चा ‘मै’ होतो, ‘नहीं’मधला ह गळतो. रोज वीस मिनिटं हिंदी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा. हेल पुसून टाकू नका, पाहिजे तेव्हा चालू-बंद करता आला पाहिजे. बडोद्याचा व्यापारी, पंचमहालचा ड्रायव्हर, कोल्हापूरचा हवालदार, असे तीन आवाज तयार असले की फाइटरला मिळालेल्या एका ओळीची भूमिका होते. आणि धापा टाकत बोलायचा सराव करा: वीस बैठका, एक पडणं, लगेच तीन वाक्यं. श्वास फुललेला असताना शब्दांचे शेवट गिळले जातात, आणि फाइटरला संवाद देत नाहीत त्याचं मुख्य कारण हेच आहे.

पोहणं, मोटारसायकल, चारचाकी आणि घोडा यांपैकी किमान तीन गोष्टी निघण्यापूर्वी पक्क्या करा, लायसन्ससकट. पोहायला महापालिकेचा तरणतलाव आहे. घोडा प्रशिक्षकाखालीच शिका, नुसतं बसता येणं उपयोगाचं नाही. उतरता, थांबवता आणि ठरलेल्या खुणेवर आणता आला पाहिजे.

कामाचा कारभार. मुंबईत स्टंट करणाऱ्यांची मूव्ही स्टंट आर्टिस्ट्स असोसिएशन आहे आणि अभिनेत्यांची सिंटा. सभासदत्व केव्हा खुलं होतं, चाचणी काय, शुल्क किती, हे त्यांच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. ‘कार्ड काढून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. खरा कास्टिंगवाला ऑडिशनचे पैसे घेत नाही. बडोदा-मुंबई गाडीने पाचेक तासांचं अंतर, म्हणून घरून ये-जा करता येईल असं वाटतं. पण उद्या सकाळी सातच्या शिफ्टचा फोन रात्री दहाला येतो. अंधेरी-गोरेगावच्या टापूत कॉटचं भाडं आणि सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच निघा. वैयक्तिक अपघात विमा घेताना व्यवसाय ‘स्टंट कलाकार’ असाच लिहा. नोकरदार लिहिलं तर हप्ता कमी पडतो आणि दावा नाकारला जातो. धोकादायक कामं वगळणारं कलम असलेली पॉलिसी तुमच्या उपयोगाची नाही. शिफ्टच्या वर धोक्याच्या कामाचे वेगळे पैसे उडी मारण्याआधी ठरवा.

शोरील, म्हणजे कामाचे नमुने दाखवणारी चित्रफीत, ६० ते ९० सेकंदांची. पहिल्या दहा सेकंदांत चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. मग दोन रिॲक्शन, एक मागे पडणं, एक पायऱ्यांवरची पडण, आणि शेवटी मार खाल्ल्यानंतर बोललेलं एक वाक्य, सलग एका शॉटमध्ये. संगीत नको, स्लो मोशन नको. दोन्हीमुळे बघणाऱ्याला शंका येते. परिचयाच्या व्हिडिओत नाव, वय, उंची, येणाऱ्या भाषा, दोन्ही बाजूंचा चेहरा, आणि हात पुढून-मागून.

परदेशाचा विचार आत्ता नको. अमेरिकेत कलाकाराचा व्हिसा नाव झालेल्या माणसाच्या कामाचे पुरावे मागतो, आणि ब्रिटनच्या स्टंट रजिस्टरला लढाईसकट अनेक वेगवेगळ्या प्रकारांत प्रमाणित पात्रता लागते. पाच-सात वर्षांचं काम साठल्यावर ते दार ठोठावता येईल.

सेटवर पहिल्या दिवशी फाइट मास्टर विचारेल, ‘हे जमेल का?’ केलेलं असेल तर ‘हो’. नसेल तर ‘केलेलं नाही, दोन रिहर्सल द्या’. हे लाइट लावण्याआधी, त्यांच्या जवळ जाऊन, हळू आवाजात सांगायचं; सगळ्यांसमोर कॅमेरा चालू असताना दिलेला नकार त्यांना महागात पडतो, आधी दिलेला नाही. पडण्याच्या जागेवर स्वतः अनवाणी एक फेरी मारा, खिळे आणि खडे पायालाच कळतात. पिशवीत गुडघ्यांचे पातळ व्हॉलीबॉल पॅड, कोपरांचे, कमरेचे आणि माकडहाडाचे पॅड, मोटारसायकलवाल्यांचा पाठीचा रक्षक, दोन जोड सपाट तळाचे बूट, चिकटपट्टी, बर्फाची पिशवी, मीठ-साखरेचं पाणी आणि रक्तगट लिहिलेलं कार्ड. ड्रेसवाल्याकडे कपडा एक नंबर मोठा मागा, नाहीतर पॅड आत बसत नाहीत, आणि तोच कपडा दुसरा आहे का हे पहिल्या टेकच्या आधी विचारून घ्या.